मोडले तर दुरुस्त कोण करणार?

13 मे 2008 हा मंगळवार होता. जयपूरच्या चारदीवारीत, म्हणजे परकोट्याच्या आतल्या जुन्या शहरात, मंगळवारी संध्याकाळी हनुमान मंदिरांपुढे गर्दी असतेच. सात वाजून गेल्यावर माणक चौक, बडी चौपड, जोहरी बाजार, त्रिपोलिया बाजार, छोटी चौपड, चांदपोल आणि सांगानेरी गेट या भागांत सायकलींवर ठेवलेले बॉम्ब एकापाठोपाठ फुटले. पंधरा-वीस मिनिटांत आठ स्फोट झाले. नववा बॉम्ब वेळीच सापडला म्हणून निकामी करता आला. न्यायालयीन नोंदीप्रमाणे 71 माणसे मृत्युमुखी पडली आणि 185 जखमी झाली.

त्या संध्याकाळी जखमींना सवाई मानसिंह रुग्णालयात कोणी पोचवले, हा प्रश्न हल्ला कोणी केला या प्रश्नाच्या मानाने फार कमी विचारला गेला. उत्तर अवघड नाही. दुकानदारांनी, हातगाडीवाल्यांनी, रिक्षावाल्यांनी आणि मंदिरात दर्शनाला आलेल्या, स्वतः वाचलेल्या माणसांनी. रुग्णालयात त्याच रात्री रक्तदात्यांच्या रांगा लागल्या. आज जगभरच्या मदतसंस्था ज्याला स्थानिक नेतृत्वाखालील मानवतावादी मदत म्हणतात, तिचे हे सगळ्यांत साधे रूप. मात्र त्याच चारदीवारीच्या कारागिरीतून चाळीस वर्षे आधी याच मदतीचे दुसरे, कितीतरी टिकाऊ रूप जन्माला आले होते. ही दोन रूपे शेजारी ठेवून पाहिली की मदत स्थानिक होते म्हणजे नेमके काय होते, हे बरेच स्पष्ट होते. या लेखाचा विषय तोच.

संघर्षातली मदत वेगळी का

भूकंप किंवा पूर यांत घरे पडतात, माणसे मरतात, पण शेजाऱ्यावरचा विश्वास सहसा शाबूत राहतो. माणसाने माणसावर केलेली हिंसा ढिगाऱ्याबरोबर संशयही मागे ठेवते. मग भाकरी कोणाच्या हातून येते, औषध कोण देते, यादीत नाव कोण घालते, हे सारे प्रश्न मदतीच्या प्रमाणाइतकेच महत्त्वाचे होऊन बसतात. लातूरच्या भूकंपात मदतीला आलेल्या ट्रकवर कोणाचे नाव लिहिले आहे याने फारसे बिघडत नव्हते. दंगलीनंतर किंवा स्फोटानंतर त्याने सगळेच बिघडू शकते. जयपूरची चारदीवारी युद्धभूमी नव्हती, पण या अर्थाने ती संघर्षग्रस्त होती. 1989 ते 1992 या काळात या शहराने दंगली पाहिल्या होत्या, आणि 2008 च्या स्फोटांनंतर परकोट्यात संचारबंदी लावावी लागली ती त्याच भीतीपोटी.

मदत 'स्थानिक' आहे असे म्हणताना तीन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. पहिली, हात स्थानिक असणे: उचलणारा, वाटणारा, शिजवणारा माणूस त्या जागचा आहे. दुसरी, कसब स्थानिक असणे: जी वस्तू किंवा सेवा दिली जाते ती घडवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे ज्ञान तिथल्या माणसांकडे आहे. तिसरी, अधिकार स्थानिक असणे: कोणाला काय द्यायचे, पैसा कशावर खर्चायचा, काम कधी थांबवायचे, हे ठरवण्याची सत्ता त्यांच्याकडे आहे. पहिली गोष्ट प्रत्येक आपत्तीत आपोआप घडते. दुसरी क्वचित. तिसरी बहुतेक वेळा भाषणातच राहते. माझे म्हणणे असे की दुसरीशिवाय तिसरी टिकत नाही. ज्याला वस्तू दुरुस्त करता येत नाही त्याच्या हाती अधिकार दिला, तरी वर्षभरात तो पुरवठा करणाऱ्याकडे परत जातो.

संस्थात्मक मदतकार्याचा जन्मच स्थानिक हातांतून झाला आहे, हे सहसा विसरले जाते. 24 जून 1859 रोजी उत्तर इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली. हजारो जखमी सैनिक जवळच्या कास्तिल्योने गावात आणले गेले. तिथल्या बायकांनी कोणत्या सैन्याचा गणवेश आहे हे न पाहता सगळ्यांची शुश्रूषा केली. कामानिमित्त तिकडे आलेल्या आंरी द्युनां या स्विस व्यापाऱ्याने ते पाहिले आणि 1862 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. 1863 मध्ये रेड क्रॉसचा पाया घातला गेला, 1864 मध्ये पहिला जिनिव्हा करार झाला. गावातल्या बायकांनी केलेल्या कामाची संस्था झाली, तिचे नियम झाले, तिची कचेरी झाली. नियम आवश्यकच होते. पण तेव्हापासून मदत ही बाहेरून येणारी गोष्ट आहे अशी समजूत रूढ होत गेली, आणि तिथून पुढच्या दीडशे वर्षांत ती पक्की झाली.

पहिला तास

2008 च्या संध्याकाळचे काम लोकांना जमले त्याला केवळ माणुसकी हे कारण पुरत नाही. माणुसकी सगळीकडे असते, पण जखमी माणूस वेळेत रुग्णालयात पोचणे हे रस्त्याच्या ज्ञानावर ठरते. सवाई जयसिंह दुसरे यांनी 1727 मध्ये वसवलेले हे शहर चौकड्यांत विभागलेले आहे. 111 फूट रुंदीचे मुख्य बाजार एकमेकांना काटकोनात छेदतात आणि त्या छेदांवर चौपडी आहेत. बडी चौपडीवरून जोहरी बाजार सरळ दक्षिणेला सांगानेरी गेटकडे जातो. छोटी चौपडीवरून किशनपोल बाजार अजमेरी गेटकडे उतरतो. त्रिपोलियावरून चौडा रास्ता न्यू गेटला मिळतो. सवाई मानसिंह रुग्णालय या तिन्ही दरवाज्यांच्या पलीकडे, दक्षिणेलाच आहे. हातगाडी कोणत्या गल्लीतून निघते, कुठे अडकते, कोणत्या दुकानाच्या पायरीवरून माणूस सोयीने उचलता येतो, कोणत्या वैद्याकडे किंवा औषधाच्या दुकानात अजून शटर उघडे असेल, हे त्या बाजारात रोज माल वाहणाऱ्याला न विचारता ठाऊक असते. बाहेरून येणाऱ्या सर्वोत्तम पथकाला ते शिकायला वेळ लागतो, आणि रक्तस्राव होणाऱ्या माणसाकडे तो वेळ नसतो.

मुंबईच्या वाचकाला हे नवे नाही. 11 जुलै 2006 च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले तेव्हा रुळांलगतच्या वस्त्यांतल्या लोकांनी घरातल्या चादरींची झोळी करून जखमी उचलले होते.

तरीही या पहिल्या तासाचे कौतुक करून थांबणे चूक आहे. त्यात दोन उणिवा आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिली, हात होते पण कसब नव्हते. फाटलेल्या धमनीवर दाब कसा द्यायचा, मणका दुखावलेल्या माणसाला कसे उचलायचे, हे कोणी शिकवलेले नव्हते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'आपदा मित्र' योजना 2016 मध्ये आली आणि तिने गावोगावच्या स्वयंसेवकांना प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली, पण तिचा पहिला भर पूरप्रवण जिल्ह्यांवर होता. गजबजलेल्या जुन्या बाजारपेठेतल्या स्फोटासाठी दुकानदाराला तयार करणे, हा विषय अजूनही बाजूलाच आहे.

दुसरी उणीव अधिकाराची. रात्र सरली की भरपाई, तपास, खटला, पुनर्वसन ही सारी कामे राज्ययंत्रणेकडे जातात. ती तिच्याकडेच असायला हवीत. पण 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याची रचना राष्ट्र, राज्य, जिल्हा आणि स्थानिक स्वराज्य संस्था इथपर्यंत येऊन थांबते. गल्लीला, बाजार समितीला, मोहल्ल्याला तिच्यात नाव नाही. जयपूरच्या बाबतीत त्याचा परिणाम फार लांबला. 2019 मध्ये विशेष न्यायालयाने चौघांना फाशी सुनावली. मार्च 2023 मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने तपासातल्या त्रुटींवर कठोर शब्दांत बोट ठेवून त्यांना निर्दोष ठरवले. एप्रिल 2025 मध्ये जिवंत सापडलेल्या बॉम्बच्या वेगळ्या खटल्यात चौघांना जन्मठेप झाली. सतरा वर्षे ज्या घरांनी हे सारे ऐकत काढली त्यांना या काळात औषधोपचार, उत्पन्न आणि आधार कुठून मिळत राहील, याची जबाबदारी कायद्याने कोणत्याही स्थानिक मंडळावर टाकलेली नव्हती. पहिल्या तासातले नेतृत्व पहिल्या तासातच संपले.

पायाचा साचा

आता दुसरे रूप. ते समजण्यासाठी चारदीवारीतल्या रस्त्यांची नावे वाचावी लागतात. ठठेरों का रास्ता, म्हणजे धातू ठोकून भांडी घडवणाऱ्यांचा, आपल्याकडच्या तांबट-कासारांसारख्यांचा. मणिहारों का रास्ता, लाखेच्या बांगड्या करणाऱ्यांचा. खजानेवालों का रास्ता, संगमरवरी मूर्ती घडवणाऱ्यांचा. हात आणि वस्तू यांच्यातला संबंध इथे पिढ्यान्‌पिढ्या रस्त्याच्या नावासकट जपला गेला. 2019 मध्ये युनेस्कोने या शहराला जागतिक वारसा म्हटले, तेव्हा इमारतींबरोबर या कारागिरीचीही दखल होती.

1960 च्या दशकात सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी अस्थिरोगतज्ज्ञ होते. पाय कापावे लागलेल्या रुग्णांना ते पाश्चात्त्य धर्तीचा कृत्रिम पाय देत. त्याचा घोटा ताठ, टाच तेवढी मऊ, आणि तो बूट घालूनच चालायचा. शेतकरी तो पाय घेऊन घरी जात आणि काही दिवसांनी कुबड्या घेऊन परत येत. कारण उघड होते. त्यांना मांडी घालून जेवायचे होते, उकिडवे बसायचे होते, चिखलात आणि पाण्यात उभे राहायचे होते, देवळात अनवाणी जायचे होते. बूट भिजला की पाय कुजे. रुग्ण हट्टी होते असे नव्हे. पाय त्यांच्या आयुष्यासाठी केलेलाच नव्हता.

त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा रुग्णांना हस्तकला शिकवायला येत. सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. शालेय शिक्षण जेमतेम, पण आकार ओळखण्याची आणि तो घडवण्याची दृष्टी पक्की. रबराची कल्पना त्यांना कशी सुचली याची जी हकिगत सांगितली जाते ती टायर रिट्रेड करणाऱ्या दुकानाची आहे. जुन्या टायरवर नवे रबर चढवून ते उष्णतेने एकजीव करतात, तसे पायाला का करू नये? पहिले नमुने जड आणि ताठ झाले. मग आत हलक्या स्पंजरबराचे ठोकळे, घोट्याच्या जागी लाकडी तुकडा, भोवती टायरच्या धाग्याचे रबर आणि वर त्वचेच्या रंगाचे रबर, अशी रचना ठरली. हे सगळे माणसाच्या पावलाच्या आकाराच्या धातूच्या साच्यात घालून उष्णतेवर पक्के केले जाते. आतले थर वेगवेगळ्या दिशांना वाकतात, म्हणून घोटा सर्व बाजूंना लवतो. बांधावरच्या उंचसखल जमिनीवर पाऊल टेकते, उकिडवे बसता येते, आणि वर बूट लागत नाही. वरच्या नळीसाठी ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून पायाच्या मापाला आणणे, हे काम धातू ठोकणाऱ्या हातांना नवे नव्हते. पुढे त्या जागी शेतीच्या पाण्यासाठी वापरतात तशा जाड पॉलिथीन पाइपचा उपयोग सुरू झाला. पाइप भट्टीत मऊ करून प्लास्टरच्या ठोकळ्यावर ओढायचा, आणि माणूस बहुधा त्याच दिवशी चालत बाहेर पडायचा.

1968 मध्ये तयार झालेला हा पाय म्हणजे जयपूर फूट. डॉ. सेठींनी त्याचे पेटंट घेतले नाही. 1981 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार आणि पद्मश्री मिळाली. मास्टरजींच्या वाट्याला त्या मानाने फार थोडी प्रसिद्धी आली, आणि ही गोष्ट मला या विवेचनात महत्त्वाची वाटते. कसब कारागिराचे असले तरी श्रेय आणि अधिकार पदवीकडे सरकतात, अगदी भल्या माणसांच्या संस्थेतही. यात डॉ. सेठींना दोष देण्याचे कारण नाही. कोणत्या हालचाली रुग्णाला हव्यात, भार कुठे पडतो, जखम कुठे होते, हे त्यांनी तपासले नसते तर हा पाय एक शिल्प होऊन राहिला असता. पण मदतीच्या इतिहासात कारागिराचे नाव वगळले की पुढची पिढी समजते, शोध नेहमी रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर लागतो.

शोध लागला म्हणून मदत पोचत नाही, हेही याच इतिहासात दिसते. पहिल्या सात वर्षांत जेमतेम पन्नास-साठ लोकांनाच पाय बसवले गेले. 1975 मध्ये देवेंद्र राज मेहता या प्रशासकीय अधिकाऱ्याने भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि चित्र पालटले. 1969 मध्ये एका भीषण अपघातात त्यांचा स्वतःचा पाय जायबंदी झाला होता. पुढे हेच मेहता मुंबईत सेबीचे अध्यक्ष होते, हे वाचकांना आठवत असेल. त्यांनी तंत्रज्ञान बदलले नाही, दरवाजा बदलला. आधी वेळ घ्यायची गरज नाही, कागदपत्रांचा जाच नाही, रात्री अपरात्री आला तरी निवारा, जेवण फुकट, पाय फुकट, आणि पाय झिजला की दुरुस्ती किंवा नवा पायही फुकट. गरीब अपंग माणसाला पायापेक्षा प्रवासाचा आणि खोळंब्याचा खर्च महाग पडतो, हे ओळखून केलेली ही व्यवस्था होती. आज समितीच्या लाभार्थ्यांची संख्या वीस लाखांच्या पुढे सांगितली जाते. त्यात कृत्रिम पायांबरोबर कॅलिपर, कुबड्या आणि तीनचाकी सायकलीही आल्या.

जाफना, पनॉम पेन्ह, काबूल

भूसुरुंग हे गरिबांच्या पायावर चालणारे शस्त्र आहे. त्यामुळे 1980 नंतर जयपूरच्या पायाला मागणी आली ती मुख्यतः युद्धप्रदेशांतून. तिथे तो कसा गेला, यात स्थानिक कसब म्हणजे काय याचा पुरावा आहे.

श्रीलंकेच्या उत्तरेला जाफन्यात 1987 मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, तिथल्याच लोकांनी जयपूर पाय तयार करणारे केंद्र उभारले. आज ते जाफना जयपूर अपंग पुनर्वसन केंद्र म्हणून ओळखले जाते. नावात जयपूर आहे, पण चालवणारे जाफन्याचे. 1990 पासून उत्तरेकडे जाणाऱ्या मालावर कडक निर्बंध होते. अशा ठिकाणी बाहेरून सुटे भाग मागवावे लागणारी कोणतीही वस्तू बंदच पडणार. रबर, लाकूड, पत्रा आणि भट्टी यांवर चालणारी वस्तू मात्र गावात घडते आणि गावातच दुरुस्त होते. कंबोडियात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला पनॉम पेन्हजवळ किएन ख्लेआंग येथे व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकन माजी सैनिकांच्या संस्थेने केंद्र काढले, तिथेही हाच पाय निवडला गेला. ज्या देशाच्या सैन्याने त्या प्रदेशावर बॉम्ब टाकले त्याचे सैनिक, भारतातले तंत्र आणि कंबोडियन कारागीर, असा तो मेळ होता.

काबूलचे उदाहरण वेगळे आणि माझ्या मते सगळ्यांत बोलके. तिथले कृत्रिम अवयव केंद्र आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसने 1988 मध्ये सुरू केले. तंत्र त्यांचे स्वतःचे, पॉलिप्रॉपिलीनचे. 1990 पासून तिथे काम करणाऱ्या अल्बेर्तो कैरो या इटालियन फिजिओथेरपिस्टने एक नियम घातला: नोकरी देताना अपंगांना प्राधान्य. आज तिथले बहुतेक सगळे कर्मचारी स्वतः अपंग आहेत. साचा ओतणारा, पाय बसवणारा, चालायला शिकवणारा माणूस स्वतः कृत्रिम पायावर उभा असतो. 1990 च्या दशकातले यादवी युद्ध, तालिबानची दोन राज्ये, मधली वीस वर्षे, या सगळ्यांतून ते केंद्र चालू राहिले. 2021 च्या ऑगस्टमध्ये अनेक परदेशी संस्था काबूलमधून निघून गेल्या तेव्हाही. संस्था बाहेरची असूनही मदत स्थानिक होऊ शकते, ती कसब कोणाच्या हाती दिले यावर, हे काबूल दाखवते.

या उत्साहाला एक आवर घालायला हवा. पेटंट नसल्याने पाय सगळीकडे गेला, पण कोणताही एक दर्जा सगळीकडे गेला नाही. ज्याने त्याने आपापल्या साच्यात, मिळेल त्या रबराने तो केला. कृत्रिम अवयवांच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ संघटनेशी संबंधित संशोधकांनी भारत, होंडुरास आणि युगांडातल्या रुग्णांची पाहणी केली, ती 2004 मध्ये प्रसिद्ध झाली. पॉलिथीन पाइपच्या पायांत मापाच्या आणि टिकाऊपणाच्या लक्षणीय त्रुटी तिच्यात आढळल्या. शिबिरात एका दिवसात शेकडो पाय बसवले आणि शिबिर उठले, तर दोन महिन्यांनी खुंटाला झालेली जखम दाखवायला माणसाने कुठे जायचे? शिबिर ही स्थानिक मदत नव्हे, ते कितीही जवळच्या शहरातून आले तरी. जिथे कायमचे केंद्र आहे, शिकलेला कारागीर आहे आणि तक्रार घेऊन जायला दरवाजा आहे, तिथेच ती स्थानिक आहे. वस्तू मोडली तर दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न विचारला की शिबिर आणि केंद्र यांतला फरक लगेच कळतो.

पैशाची वाट

मे 2016 मध्ये इस्तंबूलला जागतिक मानवतावादी परिषद झाली. तिथे मोठे देणगीदार देश आणि संस्था यांनी ठरवले की 2020 पर्यंत मदतीच्या निधीपैकी किमान 25 टक्के वाटा स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांना शक्य तितक्या थेट दिला जाईल. मुदत उलटून गेली आणि थेट पोचणारा वाटा अजून एकआकडी टक्क्यांतच आहे. कारणांत हिशेबाची भीती आहे, दहशतवादविरोधी कायद्यांची भीती आहे, आणि मधल्या संस्थांचा प्रशासकीय खर्चही आहे.

सुदानमध्ये याची किंमत दिसली. 15 एप्रिल 2023 रोजी तिथे युद्ध पेटल्यावर खार्तूम आणि ओम्दुर्मान इथल्या मोहल्ल्यांतल्या तरुणांनी आणीबाणी मदत कक्ष उभे केले. सामुदायिक स्वयंपाकघरे, रुग्णांची ने-आण, पाण्याची सोय, सगळे शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांसाठी. मोठ्या संस्थांची वाहने जिथे जाऊ शकत नव्हती तिथे हे कक्ष चालत राहिले. 2025 मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि त्यांची शेकडो स्वयंपाकघरे बंद पडली. हात स्थानिक, कसब स्थानिक, पण पैशाची चावी दुसऱ्या खंडात, अशी ही अवस्था. जगात दरवर्षी मारल्या जाणाऱ्या मदत कार्यकर्त्यांत प्रचंड बहुसंख्य त्याच देशाचे रहिवासी असतात. धोका आधीच पूर्णपणे स्थानिक झालेला आहे, निधी तेवढा व्हायचा आहे.

भारतात अडचण आणखी एक. 2020 मध्ये परदेशी देणगी नियमन कायद्यात दुरुस्ती झाली. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेने तो दुसऱ्या संस्थेला देण्यास बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. गैरव्यवहार रोखण्याचा हेतू मान्य करूनही म्हणावे लागते की याचा फटका सर्वांत लहान संस्थेला बसला. मोठ्या संस्थेमार्फत मोहल्ल्यातल्या किंवा तालुक्यातल्या गटाला पैसा जाण्याची जी एक वाट होती ती बुजली. जयपूरच्या समितीने उभे केले तसे काम आज एखाद्या लहान गावातल्या गटाला करायचे असेल, तर त्याला आधार देशी दात्यांचाच. आणि देशी दाता अजून शिबिराच्या फलकाला पैसे देतो, कारागिराच्या पगाराला देत नाही.

स्थानिक म्हणजे निःपक्ष नव्हे

स्थानिक मदतीवरचा सर्वांत मोठा आक्षेप पैशाचा नाही, पक्षपाताचा आहे. मोहल्ला ज्याचा, यादी त्याची. ज्या गल्लीने स्फोटानंतर जखमी उचलले तीच गल्ली दुसऱ्या दिवशी भाडेकरूला जातीवरून किंवा धर्मावरून हाकलू शकते. बाहेरची संस्था परकी असते, पण परकेपणामुळेच कधीकधी ती दोन्ही बाजूंना चालते. कास्तिल्योनेच्या बायकांनी गणवेश पाहिला नाही, हे खरे. प्रत्येक गाव तसे वागेल, असे गृहीत धरता येत नाही.

यावरचा उपाय आपल्या राज्यात करून पाहिलेला आहे. 1988 च्या सुमारास भिवंडीत पोलिस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांतली सामान्य माणसे आणि स्थानिक पोलिस एकत्र बसत, क्षुल्लक भांडणांपासून अफवांपर्यंत बोलत. 1970 आणि 1984 मध्ये भीषण दंगली पाहिलेली भिवंडी डिसेंबर 1992 मध्ये, मुंबई पेटलेली असताना, शांत राहिली. पुढे मुंबईतही ज्युलिओ रिबेरो आणि सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. जयपूरमध्ये 2008 च्या स्फोटांनंतर दंगल उसळली नाही, यामागे अनेक कारणे असतील. पण त्या रात्री रुग्णालयात रक्त देणाऱ्यांच्या आणि घेणाऱ्यांच्या जाती-धर्मांची मोजदाद कोणी केली नाही, हे त्यांतले एक आहेच. शांततेच्या काळात मिश्र समिती नसेल तर संकटाच्या काळातली समिती एकाच बाजूची होते. म्हणून स्थानिक मदतीची तयारी मदतीच्या खूप आधी, साध्या ओळखीपासून सुरू व्हावी लागते.

दर्जाचा आक्षेपही खरा आहे, आणि त्याचे उत्तर काबूलने दिले आहे: स्थानिक माणसाला कमी दर्जाचे प्रशिक्षण न देता उत्तम प्रशिक्षण द्यायचे आणि मग निर्णय त्याच्यावर सोपवायचा. जयपूर पायावर आजही जे काम सुरू आहे त्यात, उदाहरणार्थ स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसह तयार केलेल्या गुडघ्यात, बाहेरचे शास्त्र आणि इथली कार्यशाळा एकत्र येतात. 2009 मध्ये टाइम साप्ताहिकाने त्या गुडघ्याची उत्तम शोधांत गणना केली. बाहेरून काही घेऊच नये, असा स्थानिकतेचा अर्थ कोणी लावत असेल तर तो चुकीचा आहे. काय घ्यायचे आणि काय नाकारायचे हे ज्याच्या अंगाला लागते त्याने ठरवावे. बुटाचा पाय नाकारणारे शेतकरी हेच करत होते, आणि डॉ. सेठींचे मोठेपण असे की त्यांनी तो नकार ऐकला.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मुंबई, मालेगाव, पुणे, नांदेड, भिवंडी या शहरांनी स्फोट किंवा दंगल पाहिली आहे. त्यांच्या महापालिकांनी आपल्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात प्रभागवार तीन गोष्टी लिहाव्यात: रक्तस्राव थांबवण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या दुकानदारांची, हमालांची आणि रिक्षाचालकांची यादी; दोन्ही समाजांतल्या लोकांची समिती आणि तिला तातडीच्या खर्चाचा ठरावीक अधिकार; आणि जखमी घरी गेल्यावर पुढची पाच वर्षे त्यांचा पाठपुरावा कोणत्या केंद्राने करायचा त्याचे नाव. आपल्या प्रभागाचा आराखडा पाहायला मागणे हा नागरिकाचा हक्क आहे. वाचकांनी तो मागावा, आणि त्यात ही तीन पाने नसतील तर नगरसेवकाकडे लेखी अर्ज करावा.